मूळ आणि मूट

काही शब्द आपल्याला कोणी शिकवत नाही. ते पाहुण्यासारखे येतात, दोन दिवस राहतात आणि घरचेच होऊन जातात. कुठून आलात, नाव-गाव काय, हे विचारायचं राहून जातं आणि पुढे विचारायची लाज वाटायला लागते. 'मूट' हा इंग्रजी शब्द माझ्याकडे असाच येऊन राहिला. वीसेक वर्षं मी त्याला भलत्याच नावाने हाक मारत होते आणि तो बिचारा ओ देत होता.

बिंग फुटलं ते एका ईमेलने.

दोन देशांतली माणसं मिळून एक अहवाल तयार करत होतो. चर्चेच्या मुद्द्यांची यादी करून पाठवणं माझ्याकडे होतं. मुद्दे अकरा. त्यातले बरेचसे किरकोळ, म्हणजे तारखा कशा लिहायच्या, तक्ते कुठे टाकायचे वगैरे. सातवा मात्र महत्त्वाचा होता: जुन्या नोंदी पुन्हा तपासणार कोण? तो नजरेत भरावा म्हणून मी वाक्याची सुरुवातच जरा ऐटीत केली, 'द मूट पॉइंट इज...' माझ्या मनात सरळसरळ मराठी होतं, 'कळीचा मुद्दा असा की...' अमेरिकेतल्या समन्वयकाचं तासाभरात उत्तर आलं. दहा मुद्द्यांवर त्याने व्यवस्थित लिहिलं होतं आणि सातव्यासमोर फक्त 'अग्रीड. स्किपिंग.' अग्रीड वाचून मी खूश झाले. स्किपिंगचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला. एकमतच आहे म्हटल्यावर चर्चा कशाला करायची! तो तपासून घेईल, असं मी धरून चालले.

तीन आठवड्यांनी मसुदा आला. त्यात कित्येक माणसं दोन-दोनदा मोजली गेली होती. जुन्या नोंदींना कोणी हातच लावला नव्हता. मी फोन केला आणि जरा चढ्या आवाजात विचारलं, की एवढा महत्त्वाचा मुद्दा तुम्ही वगळलात कसा? तो शांतपणे म्हणाला, "पण तो मूट आहे, असं तुम्हीच लिहिलं होतं."

"हो! म्हणूनच तर!" मी म्हणाले.

पलीकडे शांतता. त्या शांततेत मला पहिल्यांदा वाटलं, की आपण दोघं एकच शब्द बोलतोय, पण त्याच्याकडे काहीतरी वेगळीच वस्तू आहे.

फोन ठेवला आणि शब्दकोश उघडला. मूट या विशेषणाचे तिथे दोन अर्थ. पहिला: ज्याबद्दल वाद होऊ शकतो, जो अजून निकालात निघालेला नाही, असा. दुसरा, मुख्यतः उत्तर अमेरिकेतला: ज्याला आता व्यवहारात काही अर्थ उरलेला नाही, ज्याची चर्चा करून उपयोग नाही, असा. मी पान खाली सरकवलं, वर आणलं, पुन्हा खाली नेलं. मुख्य, कळीचा, महत्त्वाचा यातलं काहीही तिथे नव्हतं. माझा अर्थ पुस्तकात नव्हताच. समन्वयकाने माझं वाक्य त्याच्या परीने अगदी बरोबर वाचलं होतं: 'जुन्या नोंदी कोण तपासणार, हा प्रश्न आता गैरलागू आहे.' आणि वर मी तेच ठसवून सांगितलं होतं!

आता प्रश्न असा, की मग हा अर्थ मी आणला कुठून?

माझी एक जुनी वही आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळातली, लांब आकाराची, इंग्रजी शब्दांची. ती शोधून काढली. एका पानावर निळ्या शाईत, तेव्हाच्या माझ्या टपोऱ्या अक्षरात: 'मूट = मुख्य, मूळ (प्रश्न).' वरच्या ओळीत 'मोरोस = खिन्न', खालच्या ओळीत 'मॉटली = सरमिसळ'. ते दोन्ही बरोबर होते. त्या पानाकडे मी बराच वेळ बघत बसले. तेव्हा आमच्यावर जे वरिष्ठ होते, त्या सरांचं इंग्रजी आम्हाला फार रुबाबदार वाटायचं. बैठकीत सगळे बोलून दमले की ते चष्मा काढायचे आणि म्हणायचे, 'बट द मूट क्वेश्चन इज...' आणि मग जे यायचं ते खरोखरच सगळ्यात महत्त्वाचं असायचं. वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांतही ते वाक्य असायचं, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, मुद्द्याला हात घालताना. शब्द जिथे भेटला तिथे दर वेळी पाठोपाठ कळीचा मुद्दाच आला. मग मी दुसरा कुठला अर्थ काढणार होते?

खरं तर ते प्रश्न वादाचेही असायचे. सर त्या शब्दाचा उपयोग अगदी चोख करत असतील, 'अजून सुटलेला नाही तो प्रश्न असा' याच अर्थाने. जो प्रश्न सुटलेला नसतो तोच बहुतेकदा महत्त्वाचाही असतो. दोन गोष्टी नेहमी हातात हात घालून येत होत्या आणि मी चुकीचा हात धरला.

त्यात माझ्या मराठी कानाने भर घातली, असा माझा दाट संशय आहे. मूट ऐकलं की मला मूळ ऐकू यायचं. मूळ मुद्दा, मूट पॉइंट. त्यात आणखी इंग्रजीतलं 'रूट' कुठेतरी मागे उभं होतंच. अर्थ शब्दकोशातून न येता ध्वनीतून आला आणि इतका चपखल बसला की शंका घ्यायला जागाच राहिली नाही. आपण शब्दकोश उघडतो तो न कळलेल्या शब्दासाठी. कळला असं वाटणाऱ्या शब्दासाठी कोण उघडतो? माझ्या इंग्रजीतले सगळ्यात धोकादायक शब्द अवघड नाहीत. ते हेच, अर्धे कळलेले आणि पूर्ण कळल्यासारखे वाटणारे.

आणि ते बरोबरचं चिन्ह! वहीभर मी ते मारलेलं आहे. एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी, मधे दोन आडव्या रेघा, जणू गणितच सुटलं. शब्द कुठे भेटला, कोण बोललं, पुढे-मागे काय होतं, यातलं काही नाही. एक अख्खं वाक्य लिहून ठेवलं असतं तर ही वेळ आली नसती.

चूक कळल्यावर शब्द सोडून देता आला असता. पण मला आता त्याचा नाद लागला. एकाच शब्दाचे 'ज्यावर वाद व्हावा असा' आणि 'ज्यावर वाद घालण्यात अर्थ नाही असा', हे एकमेकांच्या छातीवर बसलेले दोन अर्थ झाले कसे? म्हणून मी त्याच्या गावाला जाऊन आले. पुस्तकांतूनच, अर्थात.

जुन्या इंग्रजीत 'गेमोट' असा शब्द होता. उच्चार साधारण 'येमोत' असा. अर्थ सभा, माणसं एकत्र जमणं. नॉर्मन लोक १०६६ मध्ये इंग्लंडात येण्याआधी तिथल्या राजांना सल्ला द्यायला जी सभा भरे, तिला 'विटेनागेमोट' म्हणत, म्हणजे शहाण्यांची सभा. त्यातल्या 'विटे'पाशी मी थबकले. त्याच्या मुळाशी 'जाणणे' हे क्रियापद आहे आणि ते आणि आपला 'विद्' धातू एकाच आदिम मुळातून फुटलेले आहेत. विद्या, विद्वान, वेद ही सगळी त्याच घरातली माणसं. म्हणजे त्या अगडबंब शब्दाचा अर्धा भाग आपल्या ओळखीचा निघाला. उरलेला अर्धाही फार लांबचा नाही. इंग्रजीतलं 'मीट', भेटणं, हे या मूटचंच भावंड आहे. दिवसातून चारदा 'मीटिंगमध्ये आहे' असं मी ज्या शब्दात सांगते, त्याच्या चुलत्याला मी वीस वर्षं ओळखलं नव्हतं.

इंग्लंडात काही गावांत अजून 'मूट हॉल' नावाच्या इमारती आहेत, गावाच्या सभेच्या जागा. सफोक परगण्यात समुद्रकाठी ऑल्डबरा नावाचं गाव आहे, तिथला मूट हॉल सोळाव्या शतकातला. बांधला तेव्हा तो गावाच्या मधोमध होता. मग समुद्र एकेक रस्ता, एकेक घर खात आत आला. आज तो हॉल जवळजवळ किनाऱ्यावरच्या गोट्यांना लागून उभा आहे. इमारत एक इंचही हललेली नाही, पण मधली होती ती काठावरची झाली. शब्दाचंही असंच होत असावं, असं मला त्याचा फोटो बघताना वाटून गेलं.

सभा म्हटली की वाद आला. पुढे या शब्दाला वकिलांनी दत्तक घेतलं. लंडनमध्ये लिंकन्स इन, ग्रेज इन, इनर टेंपल आणि मिडल टेंपल अशा चार 'इन्स ऑफ कोर्ट' आहेत. बॅरिस्टर होण्याचा रस्ता त्यांच्यातून जातो. बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर झाले ते ग्रेज इनमधून, गांधीजी इनर टेंपलमधून. या संस्थांत काही शतकांपूर्वी शिकवायची पद्धतच अशी होती, की एक काल्पनिक खटला तयार करायचा आणि शिकाऊ वकिलांनी ज्येष्ठांसमोर दोन्ही बाजू लढवायच्या. या सरावाला म्हणत मूट. प्रश्न असा निवडायचा की दोन्हीकडून बोलता यावं, सहज उत्तर सापडू नये. म्हणून मूट पॉइंट म्हणजे वादाला खुला असलेला मुद्दा. इथवर सगळं सरळ आहे.

गोम आहे ती 'काल्पनिक' या शब्दात. सरावाच्या खटल्यात निकाल काहीही लागो, कोणाची जमीन जात नाही, कोणी तुरुंगात जात नाही. वाद रंगतो, पण फळ शून्य. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन कायद्याच्या भाषेने नेमकी हीच बाजू उचलली. ज्याच्या निकालाने प्रत्यक्षात काही फरक पडणार नाही तो मुद्दा मूट. एकाच दिवाणखान्यात दोन माणसं बसली होती. एकाला त्यातली चर्चा दिसली, दुसऱ्याला चर्चेचा निरर्थकपणा. दोघं आपापल्या देशात गेले आणि तेच नाव सांगत राहिले.

अमेरिकेत हा दुसरा अर्थ नुसता बोलीतला नाही, तो कायद्याचं तत्त्व आहे. तिथली न्यायालयं जिवंत तंटाच चालवतात. खटला चालू असताना तंटाच मेला, तर खटला मूट ठरतो. याचं मला सापडलेलं सगळ्यात मजेशीर उदाहरण १९७४ चं आहे, 'डीफ्युनिस विरुद्ध ओडेगार्ड'. एका तरुणाला वॉशिंग्टन विद्यापीठाच्या कायद्याच्या शाळेने १९७१ मध्ये प्रवेश नाकारला. तो न्यायालयात गेला आणि खालच्या न्यायालयाच्या आदेशाने त्याला प्रवेश मिळाला. खटला वर वर चढत राहिला आणि तो इकडे शिकत राहिला. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण आलं तेव्हा तो शेवटच्या वर्षाला होता, आणि विद्यापीठानेही सांगून टाकलं की निकाल काहीही लागला तरी त्याचं हे सत्र आम्ही पुरं होऊ देऊ. झालं! पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालय म्हणाले, आता निकाल देऊन उपयोग काय? मूट. प्रवेशाचा प्रश्न केवढा मोठा होता, साऱ्या देशाचं लक्ष होतं, पण वादीच पदवीधर व्हायला आला होता.

मग प्रश्न पडतो, की काही तंटे मुळातच अल्पायुषी असतात त्यांचं काय? गर्भारपण नऊ महिन्यांचं, खटला त्याहून लांब. गर्भपाताच्या हक्काबद्दलच्या १९७३ च्या 'रो विरुद्ध वेड' प्रकरणात ही अडचण आली तेव्हा न्यायालयाने जुनाच एक अपवाद वापरला. जो तंटा पुन्हा पुन्हा उद्भवू शकतो, पण दर वेळी तपासणीच्या आधी निसटतो, तो मूट धरायचा नाही. (तो निकाल पुढे २०२२ मध्ये फिरवला गेला, पण मूटच्या कारणाने नव्हे.) आपल्या न्यायालयांच्या इंग्रजीत अशा ठिकाणी 'इन्फ्रक्च्युअस' हा शब्द जास्त वापरतात. तोंडात घोळत नाही, पण निदान त्याचा अर्थ 'निष्फळ' एवढाच आहे, आणि तो दोन बाजूंनी बोलत नाही.

क्रियापदाची तर आणखी तऱ्हा. 'ही कल्पना मूट केली' म्हणजे ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत पुढे मांडली. अमेरिकन वकिलाच्या तोंडी 'याने खटला मूट झाला' म्हणजे संपला. एक जन्माला घालतो, दुसरा तेरावा उरकतो.

माझी भाची कायदा शिकते. तिला ही सगळी हकिकत रंगवून सांगितली. ती ऐकून घेत होती, पण चेहऱ्यावर ते हसू होतं, जे लहान माणसं मोठ्यांच्या अज्ञानासाठी राखून ठेवतात.

"मावशी, तू मूट कोर्ट हा शब्द कधी ऐकला नव्हतास?"

"ऐकला होता की."

"मग? ते मुख्य न्यायालय वाटलं तुला?"

मी गप्प. खरं सांगायचं तर मला काहीच वाटलं नव्हतं. मूट कोर्ट, म्हणजे कायद्याच्या विद्यार्थ्यांचं सरावाचं न्यायालय, हे एका कप्प्यात होतं, मूट पॉइंट दुसऱ्या. मधली भिंत पाडून बघावं असं कधी मनात आलं नाही. एकाच माणसाला कचेरीत आणि लग्नात भेटावं आणि तो एकच आहे हे लक्षात येऊ नये, तसं.

"पण मग तुमचे ते सरही चूक?" तिने विचारलं.

इथे मात्र मी जरा अडले. सर चूक होते का, ते मला कळायला आता मार्ग नाही. पण माझ्यासारखे कितीतरी लोक आपल्याकडच्या इंग्रजीत 'मूट क्वेश्चन' हा 'खरा प्रश्न' या अर्थाने लिहितात आणि वाचणारे तसाच समजून घेतात. लिहिणारा आणि वाचणारा दोघांचं जमत असेल तर त्याला चूक म्हणायचं कुठल्या तोंडाने? आपण मराठीत काय केलं आहे? 'राजीनामा' बघा. फारसीच्या वळणाने त्याचा अर्थ राजी असल्याचा कागद, संमतिपत्र. हिंदीत अजूनही तडजोडीच्या कागदाला राजीनामा म्हणतात. आपण त्याचा अर्थ केला नोकरी सोडल्याचं पत्र. 'शिकस्त' म्हणजे उर्दूत पराभव आणि आपण ताठ मानेने 'प्रयत्नांची शिकस्त' करतो. हिंदी माणसाची 'शिक्षा' पूर्ण झाली की तो पदवीधर होतो, आपला माणूस तुरुंगातून सुटतो. यातल्या एकालाही आपण चूक म्हणत नाही. पुरेशा लोकांनी पुरेशी वर्षं चूक केली की तिचं नाव शब्दकोशात जातं.

आणि उलट अर्थांचं म्हणाल, तर 'परवा' आहेच ना. दोन दिवसांपूर्वीचाही परवा, दोन दिवसांनंतरचाही परवा. परवा भेटलो, परवा भेटू. आपला कधी घोटाळा होत नाही, कारण क्रियापद पाठीशी उभं असतं. मूटच्या पाठीशी असं कोणी नाही. 'हा मुद्दा मूट आहे' या वाक्यात अर्थ सांगणारं काही नसतं. तो अर्थ बोलणारा कुठला आणि ऐकणारा कुठला, यावर ठरतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांची 'टेबल' या क्रियापदावरून अशीच जुंपली होती. चर्चिल यांनी आपल्या युद्धस्मृतींत ती हकिकत लिहिली आहे. ब्रिटिशांना एक कागद 'टेबल' करायचा होता, म्हणजे लगेच चर्चेला घ्यायचा. अमेरिकनांच्या भाषेत टेबल करणं म्हणजे बाजूला ठेवणं. बराच वेळ, जरा कडवटपणेच, भांडल्यावर लक्षात आलं, की दोघांना एकच हवं आहे. हे वाचून मला फार बरं वाटलं. निदान माझ्या घोटाळ्यात फक्त काही माणसं दोनदा मोजली गेली.

तरीही मी माझा अर्थ वापरणं सोडलं आहे. घरच्या वर्तुळात तो चालेल, पण ईमेल कुठे जाऊन पडेल ते आता सांगता येत नाही. खरं तर मूट हा शब्दच मी लिहित नाही. वाद असेल तर वाद आहे म्हणते, उपयोग नसेल तर उपयोग नाही म्हणते. शब्द इतका समजला, की वापरता येईनासा झाला! वहीतली ती ओळ मात्र खोडली नाही. बरोबरचं चिन्ह तेवढं काढलं आणि समोर पेन्सिलीने पूर्ण वाक्य लिहिलं, माझंच, ईमेलमधलं, समन्वयकाच्या उत्तरासकट.

एक समाधान नंतर मिळालं. खुद्द अमेरिकेत बरेच जण या शब्दाला 'म्यूट पॉइंट' म्हणतात. म्यूट म्हणजे मुका, ज्याला काही म्हणायचंच नाही असा मुद्दा. अर्थ असा काही लागून जातो, की चूक आहे हे बोलणाऱ्याला कधी कळतच नाही. कानाने केलेल्या अशा समजूतदार चुकांना भाषाशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये 'एगकॉर्न' असं नाव दिलं. 'एकॉर्न', म्हणजे ओकचं फळ, याला कोणीतरी 'एग-कॉर्न' म्हणत होतं, त्यावरून. ते वाचल्यावर माझ्या मूळ-मूटकडे मी जरा मायेने पाहायला लागले.

गेल्या आठवड्यात भाचीची मूट कोर्ट स्पर्धा होती. या स्पर्धांत एकाच संघाला दोन्ही बाजू तयार कराव्या लागतात. एका फेरीत वादी, पुढच्या फेरीत प्रतिवादी. पहिल्या दिवशी तिने ज्या मुद्द्यावर जीव तोडून बोलून गुण मिळवले, दुसऱ्या दिवशी त्याच मुद्द्याच्या चिंधड्या करायच्या होत्या. रात्री तिचा फोन आला, आवाज बसलेला. कागदांची सळसळ ऐकू येत होती.

मी विचारलं, "ते सगळं ठीक आहे गं, पण तुझं स्वतःचं मत काय? कोण बरोबर?"

"मावशी," ती जांभई देत म्हणाली, "ते मूट आहे."

कुठल्या अर्थाने, हे विचारेपर्यंत तिने फोन ठेवला होता.